नियम सभागृहाच्या पटलावर ठेवला नाही म्हणून तो रद्द होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून एका नियमात दुरुस्ती केली. त्यामुळे परवान्याची फी वाढली आणि दोन नव्या अटी आल्या. आमदारांच्या कार्यालयातून सांगितलं गेलं की हा नियम अजून सभागृहाच्या पटलावर ठेवलेला नाही, म्हणून तो लागूच होत नाही. वकील म्हणतात, लागू झाला. आणि विचारणाऱ्यांचा खरा सवाल शेवटी येतो: कायदे करायला आमदार निवडून दिले, मग मंत्रालय परस्पर नियम कसे बदलतं आणि त्याला आवर कोणी घालायचा?

आधी सरळ उत्तर. बहुतेक प्रकरणांत वकिलांचंच म्हणणं टिकतं. नियम राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्या तारखेपासून, किंवा त्यात दिलेल्या तारखेपासून, तो लागू होतो. पटलावर ठेवणं, म्हणजे नियमाची प्रत औपचारिकपणे सभागृहापुढे मांडणं, ही त्यानंतरची पायरी आहे आणि ती राहून गेली म्हणून नियम आपोआप कोसळत नाही. मी ‘बहुतेक’ म्हणतो, कारण सगळं मूळ कायद्यातल्या एका कलमाच्या शब्दांवर अवलंबून आहे. तुम्ही कायद्याचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे ते कलम कसं वाचायचं हे सांगतो. ते वाचलं की पुढचा मार्ग तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

त्याआधी हातातला कागद नेमका काय आहे ते पाहा. लोक ‘जीआर निघाला’ म्हणतात तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकते. शासन निर्णय आणि परिपत्रक हे सरकारच्या कार्यकारी अधिकारातून निघतात. त्यांच्यामागे कुठलं कलम नसेल तर ते पटलावर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि कायद्याच्या किंवा नियमाच्या विरोधात ते टिकतही नाहीत. नियम आणि विनियम हे कायद्याच्या कलमाखाली केलेले असतात. त्यांच्या पहिल्याच परिच्छेदात ‘अमुक अधिनियमाच्या कलम अमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशी ओळ असते. ती ओळ हीच तुमच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. महाराष्ट्र शासन राजपत्रात राज्याच्या अधिनियमाखालचे नियम भाग चार-ब मध्ये आणि केंद्रीय अधिनियमाखाली राज्याने केलेले नियम भाग चार-अ मध्ये सापडतात. केंद्राचे नियम भारताच्या राजपत्रात भाग २, खंड ३ मध्ये येतात. सोसायट्यांचे आदर्श उपविधी यांपैकी कशातच मोडत नाहीत. ते सहकार कायद्याखालचे नियम नाहीत, त्यामुळे ‘विधानसभेत मांडले नाहीत’ हा आक्षेप त्यांना लागत नाही.

आता ते कलम. ‘नियम करण्याचा अधिकार’ या मथळ्याचं कलम बहुतेक अधिनियमांत शेवटाकडे असतं. त्याच्या पहिल्या पोटकलमात अधिकार कोणाला दिला ते असतं, दुसऱ्यात विषयांची यादी, आणि अखेरच्या पोटकलमात पटलाची तरतूद. या तिसऱ्या भागाचे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार साधा: नियम ‘शक्य तितक्या लवकर’ विधानमंडळापुढे ठेवावा. बस. पुढे काय, ते लिहिलेलंच नाही. सभागृहाला माहिती मिळते, चर्चा घडवता येते, पण या कलमाच्या बळावर नियम रद्द करता येत नाही. दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. नियम प्रत्येक सभागृहापुढे, ते अधिवेशनात असताना, एकूण तीस दिवस ठेवायचा. हे तीस दिवस एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतात. ठरलेल्या मुदतीत दोन्ही सभागृहांनी फेरबदल सुचवला किंवा नियम करूच नये असं ठरवलं, तर त्यापुढे तो बदललेल्या रूपात लागू राहतो किंवा निष्प्रभ होतो. तिसरा प्रकार कडक: आधी सभागृहाची मंजुरी, मग नियम, किंवा नियम झाल्यावर ठरावीक दिवसांत मंजुरी नाही मिळाली तर तो संपला. आपल्याकडे हा विरळ आहे. मसुदाच पटलावर ठेवण्याचं एक उदाहरण म्हणजे कंपनी कायदा २०१३ चं कलम ४६२. एखाद्या वर्गातल्या कंपन्यांना कायद्यातून सूट द्यायची असेल तर अधिसूचनेचा मसुदा तीस दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो आणि दोन्ही सभागृहांनी नापसंती दाखवली तर ती अधिसूचना काढता येत नाही.

तुमचं कलम तिसऱ्या प्रकारचं असेल तर आमदारांच्या कार्यालयाचं म्हणणं बरोबर ठरेल. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचं असेल तर नाही.

असं का, याचं कारण सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत आहे. दोन्ही वाचायला अवघड नाहीत. पहिला आपल्याच जुन्या मुंबई प्रांताच्या कायद्यावरचा आहे, जान महंमद नूर महंमद बागवान विरुद्ध गुजरात राज्य, १९६६. मुंबई कृषी उत्पन्न बाजार कायदा १९३९ चा होता आणि त्याखालचे नियम १९४१ मध्ये झाले. तेव्हा महायुद्धाचा काळ होता, प्रांतातलं मंत्रिमंडळ १९३९ मध्येच पायउतार झालेलं होतं आणि विधिमंडळाचं काम बंद होतं. १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हाही नियम पहिल्या अधिवेशनात ठेवले गेले नाहीत, नंतरच्या अधिवेशनात ठेवले. कायद्यात तर ‘लगतच्या अधिवेशनात’ ठेवावेत असं म्हटलेलं होतं. न्यायालयाने तरीही नियम वैध धरले, कारण न ठेवल्याचा परिणाम काय होईल हे विधिमंडळाने लिहिलेलं नव्हतं. दुसरा निकाल ॲटलस सायकल विरुद्ध हरियाणा, १९७९. नियंत्रित दरापेक्षा जास्त दराने लोखंडी पत्रे घेतल्याचा खटला होता आणि दर ठरवणारी अधिसूचना संसदेपुढे ठेवलीच नव्हती असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. पटलावर ठेवण्याची तरतूद मार्गदर्शक आहे, अनिवार्य नाही, असा निष्कर्ष काढला आणि वर सांगितलेले तीन प्रकारही तिथेच विस्ताराने मांडले.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा, कारण सरकारी वकील ती हमखास उलटी वापरतात: ‘नियम विधिमंडळापुढे तीस दिवस होता, कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे सभागृहाने तो मान्य केला.’ हेही चूक आहे. हुकम चंद विरुद्ध भारत सरकार, १९७२ या प्रकरणात नियमाला मागच्या तारखेपासून लागू केलं होतं आणि मूळ कायद्यात तसा अधिकार नव्हता. संसदेपुढे ठेवल्याने तो दोष धुऊन निघत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे पटलावर न ठेवल्याने चांगला नियम मरत नाही आणि ठेवल्याने अधिकारबाह्य नियम जगत नाही.

राजपत्रातल्या प्रसिद्धीचं मात्र तसं नाही. जो नियम लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्धच झाला नाही तो कोणावर बंधनकारक होत नाही, हे १९५१ च्या हरला विरुद्ध राजस्थान निकालापासून पक्कं आहे. म्हणून ‘पटलावर ठेवला का’ याआधी ‘राजपत्रात कधी आला, आणि फी कोणत्या तारखेपासून घेतली’ हे तपासा. राजपत्राच्या तारखेआधीच्या अर्जांवर नवी फी लावलेली असेल तर तिथे तुमचा मुद्दा मजबूत आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या कलमाकडे परत येऊ, कारण सर्वाधिक गैरसमज तिथे होतात. नियम रद्द करता येतो, हे खरं. पण त्यासाठी दोन्ही सभागृहं एकमत व्हावी लागतात. महाराष्ट्रात २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद, दोन्हींनी तोच ठराव करायचा. ज्या सरकारने नियम केला त्याचंच विधानसभेत बहुमत असतं, त्यामुळे मतदानाने नियम पडणं जवळपास घडत नाही. गोव्यात ४० सदस्यांचं एकच सभागृह असल्याने दुसऱ्या सभागृहाची अडचण नाही, बहुमताची अडचण तीच. शिवाय कलमात शेवटी एक वाक्य असतं: रद्द झाला तरी त्याआधी त्या नियमाखाली जे केलं गेलं त्याच्या वैधतेला बाधा येणार नाही. तुम्ही भरलेली जादा फी सभागृहाच्या ठरावाने परत मिळत नाही. ती परत हवी असेल तर न्यायालयच.

हे असंच असायला हवं असं नाही. ऑस्ट्रेलियात केंद्रीय पातळीवरचा नियम नोंदणीनंतर सभागृहाच्या सहा कामकाजी दिवसांत पटलावर ठेवला नाही तर तो संपुष्टात येतो. तिथे कुठलंही एक सभागृह नियम नामंजूर करू शकतं. सदस्याने पंधरा कामकाजी दिवसांत सूचना दिली आणि पुढच्या पंधरा कामकाजी दिवसांत सरकारने ती निकाली काढली नाही, तर नियम नामंजूर झाला असं मानलं जातं. म्हणजे वेळ काढण्याचा फटका सरकारला बसतो. आपल्या कलमात तो आक्षेप घेणाऱ्याला बसतो. सत्तेचा तोल कुठे झुकलाय ते या एका फरकातून दिसतं, आणि हा तोल संविधानाने ठरवलेला नाही. प्रत्येक अधिनियम करताना आपल्याच आमदार-खासदारांनी तो शब्दांत मंजूर केलेला असतो.

हे किती पुढे जातं ते शिक्षण हक्क कायद्याच्या उदाहरणावरून पाहा, कारण महाराष्ट्रातल्या हजारो पालकांना ते प्रत्यक्ष भोवलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियमांत दुरुस्ती करून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून मोकळीक दिली. मूळ कायदा संसदेचा, २००९ चा. त्याच्या कलम १२ मध्ये अशी सूट नव्हती. त्याच कायद्याचं कलम ३८ उघडून बघा. केंद्राने केलेल्या नियमांसाठी तीस दिवस आणि दोन्ही सभागृहांनी फेरबदल करण्याची पूर्ण तरतूद आहे. राज्याने केलेल्या नियमांसाठी मात्र एवढंच: शक्य तितक्या लवकर राज्य विधानमंडळापुढे ठेवावेत. पहिला, साधा प्रकार. मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची अटही त्या कलमात नाही. म्हणजे विधान भवनात कोणी कितीही आवाज उठवला असता तरी नियम रद्द करण्याचं हत्यार कलमानेच त्यांच्या हातात दिलेलं नव्हतं. शेवटी निकाल लागला तो मुंबई उच्च न्यायालयात. मे २०२४ मध्ये स्थगिती आणि १९ जुलै २०२४ ला दुरुस्ती रद्द, कारण ती मूळ कायद्याच्या विरोधात होती. माहिती अधिकार कायद्याचंही तेच आहे. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा ही महाराष्ट्राची अट २०१२ च्या नियम-दुरुस्तीतून आली, आणि त्या कायद्यातही राज्याच्या नियमांबाबत केवळ पटलावर ठेवण्याची साधी तरतूद आहे.

पर्यावरण संरक्षण कायद्यातली गोष्ट कोकण आणि गोव्यातल्या लोकांनी लक्षपूर्वक पाहावी. त्याचं कलम २६ ‘या कायद्याखाली केलेला प्रत्येक नियम’ संसदेपुढे ठेवायला सांगतं. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना मात्र कलम ३ खाली निघतात, आणि कलम २६ मध्ये अधिसूचनांचा उल्लेख नाही. समुद्रापासून किती मीटरपर्यंत घर बांधता येईल हे ठरवणारा दस्तऐवज सभागृहाच्या नियंत्रणाखाली येतो की नाही, हे इतक्या बारीक शब्दांवर लटकलेलं असतं. तिथे खरा बचाव दुसरीकडे आहे: १९८६ च्या नियमांतल्या नियम ५ नुसार मसुदा प्रसिद्ध करून हरकतींसाठी ६० दिवस द्यावे लागतात. अर्थात त्याच नियमात लोकहिताचं कारण देऊन ही पायरी वगळण्याचीही मुभा सरकारला आहे.

मग विधिमंडळ अगदीच हतबल आहे का? नाही. सभागृहातल्या मतदानापेक्षा समितीत जास्त काम होतं. लोकसभेत १९५३ पासून आणि राज्यसभेत १९६४ पासून नियमांची तपासणी करणारी वेगळी समिती आहे, प्रत्येकी १५ सदस्यांची. महाराष्ट्र विधिमंडळातही अशी समिती आहे. लोकसभेच्या समितीत मंत्र्याला घेत नाहीत. ती काय तपासते हे लोकसभेच्या नियमावलीत नियम ३२० खाली दिलंय: नियम मूळ कायद्याच्या उद्देशाला धरून आहे का, जी गोष्ट खरं तर कायद्यात यायला हवी ती नियमात घुसवली आहे का, कर लावला आहे का, न्यायालयाचा मार्ग बंद केला आहे का, अधिकार नसताना मागच्या तारखेपासून लागू केला आहे का, दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला आहे का, प्रसिद्ध करायला किंवा पटलावर ठेवायला विनाकारण उशीर झाला आहे का.

ही यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की ‘फी फार आहे, परवडत नाही’ हा आक्षेप तिच्यात कुठेच बसत नाही. समितीकडे जाणारी बहुतेक निवेदनं इथेच वाया जातात. तीन-चार पानं गाऱ्हाणं, आणि कलमाचा उल्लेख शून्य. तीच गोष्ट ‘फी घेण्याचा अधिकार कलमाच्या यादीत नाही, म्हणून ही आकारणी अधिकाराबाहेरची आहे’ अशी मांडली की समितीच्या सचिवालयाला ती नोंदवून विभागाकडे स्पष्टीकरण मागता येतं. समितीच्या शिफारशी विभागावर बंधनकारक नाहीत, हे खरं आहे. पण नियम करण्याच्या अधिकारातच तो बदलण्याचा आणि मागे घेण्याचा अधिकार असतो, आणि समितीपुढे सचिवाला उत्तर द्यायला बसावं लागणार असेल तर विभाग बऱ्याचदा स्वतःच शुद्धिपत्रक किंवा दुरुस्ती काढतो. माझ्या मते आपल्या व्यवस्थेत सभागृहाच्या देखरेखीचा खरा उपयोग इथे आहे.

समितीच्या मर्यादाही मोठ्या आहेत. केंद्रात कायदा लागू झाल्यावर सहा महिन्यांत नियम करावेत असा संकेत आहे, आणि ते जमत नसेल तर समितीकडून मुदतवाढ घ्यायची. नागरिकत्व सुधारणा कायदा जानेवारी २०२० मध्ये लागू झाला आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. मधली चार वर्षं मुदतवाढीवर मुदतवाढ चालू होती. समिती विचारू शकते, टोचू शकते, नियम लिहायला भाग पाडू शकत नाही.

न्यायालय काय करतं आणि काय करत नाही हेही नीट समजून घ्या, कारण वकिलाची फी भरण्याआधी ते माहीत असलेलं बरं. नियम रद्द होण्याची कारणं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तमिळनाडू विरुद्ध पी. कृष्णमूर्ती निकालात एकत्र दिली आहेत: अधिकार नसणं, मूलभूत हक्कांचा किंवा संविधानाच्या अन्य तरतुदींचा भंग, मूळ कायद्याशी विसंगती किंवा त्याने दिलेल्या अधिकाराची मर्यादा ओलांडणं, दुसऱ्या एखाद्या कायद्याशी विरोध, आणि उघड मनमानी. मोबाइल कॉल तुटल्यास ग्राहकाला प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा दूरसंचार नियामकाचा विनियम मे २०१६ मध्ये याच कसोट्यांवर रद्द झाला. समाजमाध्यमांवरच्या, केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीच्या मजकुराची तपासणी सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’कडे देणारी २०२३ ची नियम-दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तीही आधी दोन न्यायमूर्तींचं मत विभागून तिसऱ्यांकडे गेल्यावर. दोन्ही ठिकाणी मूळ कायद्यात संसदेला तीस दिवसांत फेरबदल करण्याची पूर्ण तरतूद होती, तरी काम न्यायालयालाच करावं लागलं.

पण धोरण चुकीचं आहे एवढ्यावर न्यायालय हात घालत नाही. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांच्या फेरमूल्यांकनाला मनाई करणारा राज्य मंडळाचा विनियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निकाल फिरवला. विनियम शहाणपणाचा आहे की नाही हे आम्ही ठरवणार नाही, तो अधिकारात आहे की नाही एवढंच पाहू, ही भूमिका तेव्हापासून कायम आहे. म्हणून शहाणपणाचा वाद सभागृहात आणि अधिकाराचा वाद न्यायालयात न्यावा. लोक नेमकं उलटं करतात: आमदारांकडे कलमं घेऊन जातात आणि न्यायालयात अडचणी सांगतात.

तुमच्या प्रकरणात फी हा भाग मला सर्वांत नाजूक वाटतो. कर किंवा फी कलमात स्पष्ट अधिकार असल्याशिवाय नियमातून लावता येत नाही, हे १९९२ च्या अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या निकालातून ठरलेलं आहे. ‘या कायद्याची उद्दिष्टं पार पाडण्यासाठी’ असे सर्वसाधारण शब्द त्याला पुरत नाहीत. नव्या अटींबाबतही तसंच: सर्वसाधारण अधिकाराखाली नवे हक्क, नवी बंधनं किंवा नव्या अपात्रता निर्माण करता येत नाहीत, असं कुंज बिहारी लाल बुटेल प्रकरणात २००० मध्ये सांगितलं गेलंय. पण कलमाच्या यादीत ‘परवान्याची फी आणि अटी’ असे शब्द सरळ असतील, आणि बऱ्याच परवाना-कायद्यांत ते असतात, तर हा मुद्दा संपला असं समजा.

दुसरा तपासण्याचा भाग म्हणजे पूर्वप्रसिद्धी. पहिल्या पोटकलमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ असे शब्द असतील तर सरकारला आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, तो मसुदा कोणत्या तारखेला किंवा त्यानंतर विचारात घेतला जाईल ते सांगावं लागतं आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. केंद्रीय कायद्यांसाठी हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २३ मध्ये आहे, राज्यासाठी महाराष्ट्राच्या तशाच अधिनियमात. यात एक अडथळा आहे: अंतिम नियम ‘पूर्वप्रसिद्धीनंतर केले’ असं राजपत्रात छापलं की ते योग्य रीतीने केल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे हरकत मसुद्याच्या वेळीच, लेखी, पोच घेऊन द्यायला हवी. अंतिम नियमानंतर ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणण्याला फारसं वजन राहत नाही.

कागद असे गोळा करा. राजपत्रातला मसुदा आणि अंतिम नियम. मूळ अधिनियमाचं नियम करण्याचं पूर्ण कलम, सगळ्या दुरुस्त्यांसह. मग दोन माहिती अधिकार अर्ज, दहा-दहा रुपयांचे. एक विधानमंडळ सचिवालयाकडे: अमुक क्रमांकाची अधिसूचना प्रत्येक सभागृहाच्या पटलावर कोणत्या तारखेला ठेवली. दुसरा संबंधित विभागाकडे: मसुद्यावर आलेल्या हरकती, त्यांवरचं टिपण, आणि विधी व न्याय विभागाचे अभिप्राय यांच्या प्रती. दुसऱ्या अर्जातून बरंच काही बाहेर येतं. हरकतींच्या नोंदीसमोर कोणतंही कारण न देता ‘विचार केला’ एवढाच शेरा असेल तर तो न्यायालयात उपयोगी पडतो.

अधिवेशनाचं गणितही बघा. आपल्याकडे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी अशी तीन अधिवेशनं होतात. नागपूरचं साधारण एक-दोन आठवड्यांत आटोपतं, त्यामुळे तीस दिवस एका अधिवेशनात क्वचितच भरतात. म्हणजे फेरबदलाची मुदत पुढच्या अधिवेशनापर्यंत जाते आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ हातात असतो. नियम अजून पटलावर ठेवलाच नसेल तर ही मुदत सुरूच झालेली नाही, हा तुमच्या आमदारांच्या मुद्द्याचा खरा उपयोग आहे. ‘नियम लागू नाही’ असं म्हणण्याऐवजी त्यांनी सभागृहात विचारावं की हा नियम इतके महिने पटलावर का ठेवला नाही. तारांकित प्रश्न, औचित्याचा मुद्दा किंवा लक्षवेधी सूचना, कुठल्याही मार्गाने. मंत्र्यांनी ‘तपासून ठेवू’ म्हटलं की ते मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या वेगळ्या समितीच्या नोंदीत जाऊ शकतं.

फेरबदलाची सूचना मात्र नेमकी हवी. ‘नियम जाचक असल्याने मागे घ्यावा’ अशी नको. अधिनियमाचं नाव, कलम, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, पटलावर ठेवल्याची तारीख, आणि नियमातला नेमका कोणता मजकूर वगळायचा किंवा बदलायचा ते अवतरणात. विधानसभेत एका सदस्याने दिली तर तीच सूचना परिषदेतही कोणीतरी द्यायला हवी, हे हमखास विसरलं जातं. विषय शाळांचा किंवा पदवीधरांच्या व्यवसायाचा असेल तर शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून आलेले प्रत्येकी सात सदस्य परिषदेत आहेत, त्यांच्याकडे जा. सूचना मतदानाला आली नाही तरी समितीकडच्या निवेदनाला ती जोडता येते.

समितीचं निवेदन एका पानाचं करा, तीन रकाने: नियमाचा मजकूर, कलमाचा मजकूर, आणि दोन ओळींत आक्षेप. सोबत राजपत्राची प्रत. पत्ता विधानमंडळ सचिवालय, समिती प्रमुखांच्या नावे. न्यायालयात जायचं असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात, तुमच्या जिल्ह्यानुसार मुंबई, नागपूर, औरंगाबाद किंवा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर. समितीचं काम चालू आहे म्हणून रिट थांबवायची गरज नाही. फी भरावी लागली तर ‘हक्क राखून’ असं लिहून भरा आणि पावती जपा, म्हणजे नियम रद्द झाल्यास परताव्याची मागणी करता येईल.

शेवटचा प्रश्न राहिला: मंत्रालय परस्पर कसं करतं? परस्पर करत नाही, विधिमंडळाने दिलेल्या अधिकारात करतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिल्ली कायद्यांवर दिलेल्या अभिमतापासून एवढी मर्यादा आहे की धोरणाचा गाभा विधिमंडळाने स्वतः ठरवावा, तपशील सोपवावा. गाभा कुठे संपतो आणि तपशील कुठे सुरू होतो, हे विधेयक मंजूर होतानाच ठरतं. असा अधिकार सोपवणाऱ्या प्रत्येक विधेयकाला वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन जोडलेलं असतं. कोणत्या खंडाने कोणता अधिकार सरकारला दिला आणि तो सर्वसाधारण स्वरूपाचा आहे की असाधारण, ते त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक ज्ञापनं ‘सर्वसाधारण स्वरूपाचे’ एवढं म्हणून मोकळी होतात आणि त्यावर चर्चा होत नाही. तुमच्या व्यवसायाशी संबंधित पुढचं विधेयक येईल तेव्हा तुमच्या संघटनेने हे पान आधी वाचावं आणि आमदारांना तीन शब्दप्रयोगांसाठी दुरुस्ती सुचवायला सांगावं: ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’, फीची कमाल मर्यादा आकड्यात, आणि पटलाच्या कलमात ‘नियम व अधिसूचना’ दोन्ही. विधेयक मंजूर होण्याआधी हे तीन बदल करून घ्यायला एक दुपार पुरते. नंतर त्यासाठी रिट लागते.